आवाज बंद ठेवून

दुकानातल्या पोरानं विचारलं, आवाज वाढवू का?
मी म्हटलं, उलट, पार बंद कर.
तो गोंधळला. छातीवर बिल्ला, एलियास,
बोटांच्या टोकांना गिटारचे घट्टे.
बाहेर ताम्पेरेत उणे एकोणीस
आणि माझी बोटं हातमोज्यांतून निघूनही
अजून पुरती बाहेर आलेली नव्हती.

आवाज माझ्याकडे आहे, मी सांगितलं,
घरी, लॅपटॉपमध्ये.
तिथं कुणाचा पियानो रेकॉर्ड करून ठेवलेला नाही,
नुसतं गणित आहे:
तारेची लांबी, हातोडीवरचा नमदा किती कडक,
झाकण किती उघडं, लाकूड किती थरथरतं.
दर स्वराला ते नव्यानं मांडलं जातं
आणि उत्तर कानात येतं.
मला फक्त प्रश्न नीट विचारणाऱ्या पट्ट्या हव्यात.

मग त्या मुक्या रांगेत एकेकासमोर बसलो.
पहिल्याच्या पट्ट्या चिखलात पाय रुतावा तशा.
दुसरा बरा, पण बोट उचललं की खुळखुळतो.
तिसऱ्याच्या काळ्या पट्ट्या ओल्या साबणासारख्या.
चौथ्याची पट्टी अगदी सावकाश दाबली
तर तळाच्या जरा आधी काहीतरी अडतं,
जुन्या कुलपात किल्ली फिरताना अडते तेवढंच.
तिथं थांबलो.

एलियासनं केबल आणून दिली.
हळू म्हणजे किती हळू जाता येतं ते पाहिलं.
पडद्यावर आकडा: सात. पाच. एकदा तर तीन.
शेजारचा दुप्पट किमतीचा
वीसच्या खाली उतरायलाच तयार नाही.
कुजबुज म्हणून काही असतं, हे त्याच्या गावी नाही.

पेडलवर पाय ठेवला
आणि एकवीस वर्षांची बस आठवली.
बर्फावर ब्रेक कुणी पुरता दाबत नाही.
अर्धा, पाव, त्याहून थोडा कमी,
मागे उभ्या बाईच्या पिशवीतली अंडी शाबूत राहतील इतका.
या पेडलला दोनच गोष्टी कळत होत्या, हो आणि नाही.
मी म्हटलं, अधलंमधलं कळणारं दे.
त्याचे पैसे वेगळे पडले.
होडीची डागडुजी पुढच्या उन्हाळ्यावर गेली.

पहिल्या रात्री पोरखेळच केला.
तारा ताणून दहा मीटर केल्या, नमदा दगड केला,
मग निमूट सगळं जागेवर आणलं.
माझा हात जड, म्हणून वजनाची रेघ
थोडी वाकवून घेतली.
कानांवर हेडफोन, खिडकीत काळोख,
जगाला काही पत्ता नाही असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची राउनी सालोवारा
दारात. लोकरी मोजे, हातात काही नाही.
तिला सूर ऐकू जात नाहीत. जातं ते लाकूड.
धप्, धपधप्, धप्.
मी म्हटलं, रबराची चटई आणतो, आजच.
आणा, ती म्हणाली. पण तुमचा डावा हात
दर वेळी एकाच जागी थबकतो. काल चारदा.
आवाजानं नाही हो,
आता पुढं जातो की नाही, त्यानं माझी झोप जाते.

चटई आणली. दुहेरी घातली.
पडद्यावर बसून शोधत राहिलो:
खोली मोठी करता येते, तार बेसूर करता येते,
माइक हातभर मागे नेता येतो.
डाव्या हातासाठी कुठंच काही नाही.

काल रात्री लॅपटॉप मिटला, हेडफोन काढून ठेवले,
चटई पायानं बाजूला सारली
आणि ती जागा नुसत्या लाकडावर वाजवली,
तिला ऐकू जाते तशी.
नवव्या खेपेला हात पलीकडे गेला.

खालून छताला काठीचा एक ठोका आला.
रागाचा की दादेचा,
अजून विचारलेलं नाही.